ब्रिमफील्डचा जुना बाजार: आई-बाबांना घेऊन एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहणारं जोडपं, जुलैत चिंचवडहून आई-बाबा येणार आहेत. बाबा भोसरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले, आईला स्वयंपाकाच्या जुन्या भांड्यांची आवड. ‘त्यांना एक दिवस ब्रिमफील्डला न्यायचं आहे. एका दिवसात होतं का? त्यांना झेपेल का? भाव कसा करायचा, फसगत कशी टाळायची, आणि परत जाताना भारतात नेण्यासारखं काय मिळेल?’

मी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनी घड्याळं दुरुस्त करते आणि गेली २२ वर्षं या बाजाराला जाते आहे. सरळ उत्तर आधी देते: ब्रिमफील्ड एका दिवसात होत नाही. इतक्या वर्षांत सगळी मैदानं पाहून मी एकदाही परतलेले नाही. पण एका दिवसात दोन गोष्टी मनापासून शोधता येतात, आणि तुमच्या त्या दोन गोष्टी प्रश्नातच आल्या आहेत. बाबांची मोजमापाची हत्यारं आणि आईची बिडाची भांडी. एवढंच शोधायचं ठरवून जा. बाकीचा बाजार वाटेत दिसतोच. सगळंच बघू म्हणून निघालेली माणसं दुपारी दोनला थकून झाडाखाली बसलेली मी दर वर्षी पाहते. त्यांनी हजार वस्तू पाहिलेल्या असतात आणि एकही नीट हातात घेतलेली नसते.

आधी जागा समजून घ्या, कारण बेत त्यावरच ठरतो. ब्रिमफील्ड म्हणजे जेमतेम ३,७०० वस्तीचं गाव. तुमच्या श्रूजबरीतून जाणारा रूट २० तोच पुढे या गावातून जातो. बोस्टनपासून थेट ऑरेगनच्या न्यूपोर्टपर्यंत ३,३६५ मैल जाणारा हा अमेरिकेतला सर्वांत लांब रस्ता, पण ब्रिमफील्डमध्ये तो दोन पदरी गावरस्ताच आहे. १९५९ मध्ये गॉर्डन रीड नावाच्या लिलाव करणाऱ्या माणसाने इथे आपल्या जमिनीवर जुन्या वस्तूंचा उघड्यावरचा बाजार भरवला. तो चालला, तसे शेजारच्या जमीनमालकांनीही आपापली मैदानं उघडली. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण मैलभराच्या पट्ट्यात, २० च्या आसपास मैदानं आहेत आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. मे, जुलै आणि सप्टेंबर अशा तीन महिन्यांत एकेक आठवडा, मंगळवार ते रविवार, हा बाजार भरतो. त्या आठवड्यात गावाचं जे होतं ते आपल्याकडच्या जत्रेच्या गावासारखंच. घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लागतात, अंगणात सरबताची टेबलं येतात, आणि वर्षभर रिकाम्या असणाऱ्या कुरणांवर रांगांनी पांढरी पालं उभी राहतात.

एकच व्यवस्थापन नाही, ही गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि त्याचा दिवस तिथेच बिघडतो. प्रत्येक मैदान आपल्या दिवशी, आपल्या वेळी उघडतं. बरीच मंगळवारी दिवस उजाडताच उघडतात. न्यू इंग्लंड मोटेलचं बुधवारी पहाटे, हार्ट-ओ-द-मार्ट बुधवारी सकाळी ९ ला, हर्टन्स बुधवारी दुपारी १२ ला, मेज् गुरुवारी सकाळी ९ ला, असा क्रम मी पाहत आले आहे. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वर्षीचं वेळापत्रक बघून घ्या. काही मैदानांवर उघडायच्या आधी आत कुणालाही खरेदी करू देत नाहीत. दोरीच्या बाहेर शे-दोनशे माणसं उभी असतात आणि दोरी सुटली की अक्षरशः धावत सुटतात. हे दृश्य आई-बाबांना दाखवाच, पण बाजूला उभं राहून.

तुमच्यासाठी मी गुरुवार सुचवते. मंगळवारची पहाट व्यापाऱ्यांची असते. अंधारात टॉर्च घेऊन ते एकमेकांचाच माल उचलतात. बुधवारी धावपळ फार. गुरुवारी सकाळी बहुतेक मैदानं उघडलेली असतात, मेज्चा ताजा माल ९ ला खुला होतो, आणि ज्यांनी मंगळवारपासून पालं टाकली आहेत ते विक्रेते आता बोलायला मोकळे असतात. शनिवारी गर्दी दुप्पट आणि विक्रेते निम्मे. भाव उतरलेले असतात हे खरं, पण उतरलेल्या भावात उरलेलं मिळतं. नोकरीतून एक रजा काढता आली तर गुरुवारचीच काढा.

सातच्या आत पोचा. सगळे पाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून, स्टरब्रिजला, म्हणजे एक्झिट ७८ ला उतरतात आणि रूट २० वर तुंबतात. उशीर झालाच तर आणखी पुढे पामरला, एक्झिट ६३ ला उतरा आणि पूर्वेकडे परत या. अंतर वाढतं, पण वेळ बहुधा वाचतो. पार्किंगचे दहा डॉलरच्या आसपास लागतात, तेही रोख. बाजाराच्या मधोमध गाडी लावायला मिळाली तर दोन डॉलर जास्त गेले तरी चालतील, कारण तुमच्या दिवसात गाडी ही विश्रांतीची खोलीही आहे.

आई-बाबांना झेपेल का, याचं उत्तर चालण्यापेक्षा उन्हावर अवलंबून आहे. जुलैत त्या कुरणांवर सावली फार कमी. सात ते अकरा फिरा, मग दोन तास थांबा, आणि जमलं तर एक ते तीन पुन्हा एक मैदान. घडीच्या दोन खुर्च्या गाडीत टाका. पाणी भरपूर न्या. खायला टर्की घातलेलं पिल्ग्रिम सँडविच, तळलेले बटाटे, डोनट असं पुष्कळ मिळतं. आई-बाबा शाकाहारी असतील तर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीभात घरूनच घ्या. गवतात गोचीड असते आणि न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातली, गोचीड लाइम रोग देते, म्हणून पायघोळ पँट, मोजे आणि बूट हवेत. सँडल नको, आईंनाही नको. रात्री घरी आल्यावर सगळ्यांनी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी तपासून घ्या. आणि गर्दीत फोन लागेनासा होतो. कुणी चुकलं तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

आता माल.

बाबांना पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार माहीत असेलच. तिथला बराच माल भंगारातून, कारखान्यांच्या निकालातून येतो. ब्रिमफील्डचा माल मुख्यतः घरांतून येतो. न्यू इंग्लंडमध्ये दीडदोनशे वर्षांची लाकडी घरं आहेत, त्यांना मोठी तळघरं आणि मागे कोठारं. घरातलं शेवटचं म्हातारं माणूस गेलं किंवा लहान घरात राहायला गेलं की सगळं घर एकदम विकायला निघतं. आणि याच भागात एकेकाळी नदी तिथे कारखाना होता. त्यामुळे इथल्या कोठारांतून निघणारी हत्यारं ही इथेच घडलेली आणि इथेच वापरलेली असतात. स्टॅरेट ही कंपनी १८८० मध्ये याच राज्यातल्या ॲथॉलमध्ये सुरू झाली. ब्राउन अँड शार्प शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये, प्रॉव्हिडन्सची. स्टॅन्ली कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनची. तिन्ही गावं ब्रिमफील्डपासून गाडीने दीड-दोन तासांच्या आत आहेत. बाबांनी आयुष्यभर ज्यांची नावं कॅटलॉगमध्ये वाचली असतील ती इथे टेबलावर ढिगाने पडलेली दिसतील.

मायक्रोमीटर त्यांना तुम्ही शिकवायला नको, पण इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. माप बहुधा इंचात असतं, म्हणजे थाऊमध्ये, इंचाच्या हजाराव्या भागात. आणि पेटीत बसवलेला मायक्रोमीटर त्याच पेटीचा असेल असं नाही. दोन्ही टोकं स्वच्छ पुसून हलक्या हाताने बंद करा, शून्य जुळतं का बघा, मग उजेडाकडे धरा. मधून प्रकाशाची तिरपी रेघ दिसली तर टोकं झिजली आहेत. थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, गच्च फिरत असेल तर ते बहुधा वाळलेलं तेल असतं, त्याला घाबरू नका. कोनमापी, डिव्हायडर, सहा इंची पोलादी पट्ट्या पाच-दहा डॉलरला मिळतात आणि त्या अजून शंभर वर्षं टिकतील. पट्टीच्या मागे किंवा गुण्याच्या कडेला बारीक सुईने कोरलेलं एखादं नाव सापडेल. टूलरूममधली माणसं आपलं हत्यार दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून नाव कोरत. ही नावं घासून काढू नयेत, असं मला फार मनापासून वाटतं.

सुतारकामाची आवड असेल तर स्टॅन्लीचा रंधा बघा. तोंडाजवळ बारीक तडा आहे का हे तळ उलटा करून नखाने तपासा. मूठ चिकटवलेली असते, ती चालते. तडा चालत नाही.

आईंच्या बिडाकडे येऊ. इथे ज्याला कास्ट आयर्न म्हणतात ते आपलं बीडच, आणि जुनं अमेरिकन बीड हाताला लागलं की आजचं नको वाटतं. कारण साधं आहे. आज बहुतेक तवे वाळूच्या साच्यातून निघतात तसेच खडबडीत विकले जातात. पूर्वी आतली बाजू घासून, छिलून गुळगुळीत करत, आणि ओतकामही पातळ असे. ग्रिसवॉल्ड ही पेनसिल्व्हेनियातल्या इरीची कंपनी आणि वॅग्नर ही ओहायोतल्या सिडनीची, ही दोन नावं पाठीमागे उठवलेली शोधा. वर्तुळात क्रॉस असेल तर ग्रिसवॉल्ड. पण नावावरच जाऊ नका. नाव नसलेले कितीतरी उत्तम तवे मी २५-३० डॉलरला घेतले आहेत. भाकरीला आणि थालीपिठाला कडा नसलेला सपाट गोल तवा हवा, त्याला इथे ग्रिडल म्हणतात. ८ किंवा ९ नंबरचा घ्या.

तपासायचं असं. तवा टेबलाच्या सपाट जागी ठेवून दोन बोटांनी टोकं दाबा. डुगडुगला तर तापून वाकला आहे; गॅसवर एक वेळ चालेल, काचेच्या शेगडीवर नाही. मग तो दांड्याने लटकता धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा घुमला तर अखंड, बसका आवाज आला तर कुठेतरी तडा. काळा थर जाड असला, पोपडे असले, वरवरचा गंज असला तरी बिचकू नका, ते सगळं निघतं. खड्डे पडलेला गंज निघत नाही. आणि निस्तेज लालसर-गुलाबी झाक दिसली तर तो तवा आगीत जळलेला आहे, त्यावर तेलाचा थर धरत नाही. असा तवा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. जुन्या बिडाच्या भांड्यांत काही लोक बंदुकीच्या गोळ्यांसाठी किंवा मासेमारीच्या वजनांसाठी शिसं वितळवत. हार्डवेअरच्या दुकानात शिसं ओळखायच्या काड्या मिळतात. घरी आणल्यावर भांडं आधी तपासा, मगच चुलीवर ठेवा.

आणि आईंसाठी एक खास शोध देऊन ठेवते. ग्रिसवॉल्डचं ३२ नंबरचं पात्र. डॅनिश लोक त्यात ‘एब्लेस्किवर’ नावाचे गोल केक करतात. सात वाट्या, मधे एक आणि भोवती सहा. बघताक्षणी आई म्हणतील, हे तर अप्पेपात्र! मी माझ्याकडच्या पात्रात गेली अनेक वर्षं गोड आणि तिखट, दोन्ही अप्पे करते. बीड नीट तापलं की उष्णता इतकी धरून ठेवतं की सातही एकाच वेळी खरपूस होतात.

तुम्ही घड्याळांबद्दल विचारलं नाहीत, पण मी त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहू शकत नाही, आणि त्याला कारण आहे. वाईला माझ्या आजोबांच्या वाड्यात ओसरीवर टोल्यांचं घड्याळ होतं. दर रविवारी स्टुलावर चढून आजोबा त्याला चावी देत. तबकडीवर ‘अँसोनिया’ लिहिलेलं होतं, आणि ते कुठलं तरी विलायती नाव असणार असं आम्ही मुलं धरून चाललो होतो. इथे आल्यावर एक दिवस नकाशात बोट फिरवताना कनेटिकटमध्ये अँसोनिया नावाचं गाव दिसलं. कंपनी तिथे १८५० च्या सुमारास सुरू झाली, पुढे ब्रुकलिनला गेली, आणि १९२९ मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. तोवर तिची घड्याळं जगभर पोचली होती. आपल्या जुन्या वाड्यांत, सावकारांच्या पेढ्यांवर, शाळांच्या कार्यालयांत अँसोनिया आणि सेथ थॉमस ही दोन नावं पुष्कळ दिसत. दोन्ही कनेटिकटच्या नदीखोऱ्यांतली. तुमच्या बाबांच्या किंवा आईच्या आजोळी असं घड्याळ होतं का, एकदा विचारून बघा. असेल तर ब्रिमफील्डच्या घड्याळांच्या रांगेत ते आपणहून थांबतील.

घड्याळ घ्यायचं असेल तर आधी मागचं दार उघडायला सांगा. आत यंत्रावर कंपनीची खूण ठोकलेली असते. तबकडीवरचं नाव आणि ही खूण जुळली पाहिजे. पेटीच्या आत किंवा पाठीवर छापील कागद असेल तर त्याच्या कडा पिवळ्या पडून ठिसूळ झालेल्या हव्यात. सेथ थॉमसच्या बऱ्याच पेट्यांवर, साधारण १८८० नंतरच्या काही दशकांत, शाईचा एक शिक्का असतो. त्यात वर्ष उलटं लिहिलेलं आणि महिन्यासाठी एक अक्षर. ‘५०९१ सी’ असं दिसलं तर उलट वाचा: १९०५, तिसरा महिना, मार्च. हा शिक्का पहिल्यांदा वाचता आला त्या दिवशी मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

२००४ साली मी पहिलं घड्याळ घेतलं ते १८० डॉलरला, आणि ते फसलं. पेटी उत्तम अक्रोडाची, तबकडी सुंदर, टोलेही पडत होते. घरी येऊन यंत्र बाहेर काढलं तर पेटीच्या पाठफळीवर जुन्या स्क्रूंची चार भोकं रिकामी, आणि यंत्र दुसऱ्याच चार भोकांवर बसवलेलं. पेटी एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचं. इथले व्यापारी अशा वस्तूला ‘मॅरिड’, म्हणजे लग्न लावलेली, म्हणतात. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी रिकामी भोकं आधी बघते आणि सरळ प्रश्न विचारते: यात काय बदललंय? सरळ विचारलं की दहातले नऊ विक्रेते खरं सांगतात. दहावा नजर चुकवतो, आणि तेही उत्तरच असतं.

चालू घड्याळाचा आवाज डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉक यांच्यात सारखं अंतर असेल तर तोल बरोबर आहे. लंगडत असेल, टिक-टॉक, टिक-टॉक असं जोडीजोडीने, तर बऱ्याचदा ते फक्त तिरकं ठेवलेलं असतं. हलकेच एका बाजूने उचलून बघा, सरळ चालायला लागलं तर यंत्राचा दोष नाही. चावी भरून बघायला मात्र मागू नका. जुनी कमान तुटली तर आतले दाते घेऊन जाते, बोटही फाडते.

भाव करण्याविषयी. जुन्या बाजारात आपण निम्म्यापासून सुरुवात करतो. इथे तसं केलंत तर समोरचा दुखावतो आणि बोलणं संपतं. रीत अशी: वस्तू हातात घ्या, नीट बघा, आणि एकदाच विचारा, ‘व्हॉट इज युअर बेस्ट ऑन धिस?’ मग गप्प राहा. साधारण दहा ते वीस टक्के कमी होतात. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर आणखी. चिठ्ठीवर ‘फर्म’ लिहिलं असेल तर घासाघीस करू नका. वस्तूला नावं ठेवून भाव पाडायची आपली सवय इथे उलटी पडते. तो माणूस पहाटे तीनपासून जागा आहे, पावसात-उन्हात तीन दिवस त्याच पालात झोपला आहे, आणि बहुधा ती वस्तू त्याला आवडली म्हणूनच त्याने उचलली आहे. तुम्हाला ती का हवी आहे ते सांगा. माझे बाबा टूलरूममध्ये होते, एवढं एक वाक्य बोला. पुढची वीस मिनिटं बाबा आणि तो विक्रेता एकमेकांची भाषा अर्धवट येत असूनही रॅचेट आणि व्हर्नियरवर बोलत बसतील, आणि भाव आपोआप उतरेल.

एक अलिखित नियम पाळा. वस्तू ज्याच्या हातात, बोलणी त्याची. कुणी हातात धरून विचार करत असेल तर शेजारी उभं राहून जास्त भाव पुकारू नये. तुम्हालाही विचार करायचा असेल तर हातात धरूनच करा. खाली ठेवून चक्कर मारून येतो म्हणालात, की परत येईपर्यंत ती गेलेली असते. रोख, आणि सुटे न्या. पाच डॉलरच्या पट्टीसाठी शंभरची नोट काढली की सकाळी सकाळी विक्रेत्याची अडचण होते. भवानीच्या वेळी गिऱ्हाईक परत पाठवू नये ही भावना इथेही मी पाहिली आहे, तिला फक्त नाव नाही.

भारतीय वस्तू दिसतील. पितळेची समई फुलदाणी म्हणून, पानाचा डबा दागिन्यांची पेटी म्हणून, आणि कुठल्याही भारतीय पितळेला सरसकट ‘बनारस’ म्हणून. बहुतेक माल गेल्या पन्नास-साठ वर्षांत निर्यातीसाठी केलेला असतो. खाली ‘इंडिया’ असा ठसा बघा. आवडलं तर घ्या, पण पुरातन म्हणून पैसे मोजू नका. दगडी मूर्ती, किंवा भिंतीतून उकरून काढल्यासारखी एका बाजूने तुटलेली शिल्पं दिसली तर घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ज्याच्या मागे कागद नाही ते देवळातून कसं निघालं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. हस्तिदंताच्या मुठी, बटणं, बुद्धिबळाची प्यादी यांना तर हातच लावू नका. ती भारतात नेता येत नाहीत, आणि नेऊही नयेत.

कोठारांतून आलेल्या मालात एखादी पाच फुटी करवत दिसेल, बोटभर लांब दाते आणि एकाच टोकाला आडवी मूठ. लाकडाची नव्हे, बर्फाची. हिवाळ्यात इथली तळी गोठली की त्यांचे ठोकळे कापत आणि भुशात रचून ठेवत. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये असा बर्फ ‘टस्कनी’ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर १८० टनांपैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला, त्यासाठी शहरात बर्फाचं गोदाम बांधलं गेलं. ती करवत विकत घ्यायची गरज नाही. पण बाबांच्या हातात द्या, आणि मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यातला बर्फ मुंबईच्या उन्हाळ्यात विकला जात होता हे त्यांना सांगा.

परतीचं सामान. ८ नंबरचा तवा साधारण दोन किलो भरतो, म्हणजे २३ किलोच्या बॅगेत दोन सहज जातात. बीड कडक आहे पण ठिसूळ आहे, आपटलं तर फुटतं. तेलाचा हात लावून वर्तमानपत्रात, मग जुन्या चादरीत गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा. हत्यारं सगळी चेक-इनच्या सामानात, हातातल्या पिशवीत काहीही नको. मायक्रोमीटरची टोकं किंचित उघडी ठेवून पेटीत घाला, घट्ट बंद करून नाही. हे बाबा सांगतीलच.

आणि घड्याळ घेतलंत, तर बाजारातून गाडीपर्यंत नेतानाही लंबक आधी काढून घ्या. लटकता राहिला तर वरची पातळ पट्टी तुटते. लंबक मोज्यात गुंडाळून वेगळा ठेवा, चावी बाबांच्या खिशात. चिंचवडला पोचल्यावर खिळा ठोकून घड्याळ लावलं, लंबक अडकवला, की मोजपट्टी लावून सरळ करू नका. भिंती सरळ नसतात. कान लावा, आणि टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं होईपर्यंत खालचं टोक केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे सरकवत राहा.